एंगेज लागलेला रविवार

मित्रांनो, मी एक जुना आणि आता कायमचा मुका झालेला मोडेम आहे. माझं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलंही नसेल, म्हणून आधी ओळख सांगतो. चपट्या डब्यासारखं माझं अंग, कपाळावर सात बारीक लाल दिवे आणि पाठीला तारांसाठी खाचा. एका खाचेत भिंतीतून येणारी टेलिफोनची तार. दुसऱ्या खाचेतून घरातल्या फोनकडे जाणारी तार. ही दुसरी तार लक्षात ठेवा. तिच्यामुळे घरात आलेलं आणि घरातून गेलेलं प्रत्येक बोलणं माझ्या अंगातून जायचं. हसणं, रुसणं, कुणाच्या बाळंतपणाची वार्ता, कुणाच्या मरणाची. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

माझं काम तसं सोपं होतं. कॉम्प्युटरला बोलता येत नाही आणि टेलिफोनच्या तारेला आवाजाशिवाय काही कळत नाही. म्हणून कॉम्प्युटरचं म्हणणं मी आवाजात घालून तारेवर सोडायचो. दूर कुठेतरी माझाच एखादा भाऊबंद ते ऐकायचा आणि उलट उत्तर धाडायचा. आमची गाठ पडताना मोठा गलका व्हायचा. आधी नंबर फिरवल्याची टुकटुक, मग लांब शिट्टी, मग पत्र्यावर खडे ओतावेत तशी खरखर. गाठ पडली की सगळं चिडीचूप. पण एक होतं. आम्ही दोघं बोलत असताना तिसऱ्याला त्या तारेत जागा नसे. बाहेरून कुणी फोन केला तर त्याला ऐकू यायचं, टूं... टूं... टूं... एंगेज. तो आवाज टेलिफोनच्या ऑफिसातून परस्पर जायचा. मला तो ऐकूच येत नसे. आतून कडी लावून बसलेल्याला दारात कोण येऊन गेलं ते कळू नये, तसं माझं होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. एवढं आठवतं, की एका बाईने चष्मा सावरत माझे सातही दिवे लावून पाहिले होते आणि मान डोलावली होती. एकोणीसशे नव्याण्णव साली मी औरंगाबादच्या बाजारातून जालन्यात आलो, बसस्टँडजवळच्या एका इंटरनेटच्या दुकानात. तिथे माझा काय थाट होता म्हणून सांगू! बोर्डाच्या निकालाच्या दिवशी रस्त्यापर्यंत रांग लागायची. माझी खरखर थांबली की आतून कुणीतरी ओरडायचं, "लागलं रे, लागलं!" आणि पोरं टाळ्या वाजवायची. दसऱ्याला मालक मला कुंकू लावायचे, डोक्यावर झेंडूचं फूल ठेवायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार. तीन वर्षांत त्या दुकानाला माझ्यापेक्षा जलद तार मिळाली. मी खालच्या खणात गेलो. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या माझ्या खाचांमध्ये तशाच अडकून होत्या.

तिथून मला इंद्रभानने आणलं. तो एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात कामाला होता. एक वापरलेला कॉम्प्युटर आणि त्याच्यासोबत मी, असे आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवर, चादरीत बांधून, त्याच्या दोन खोल्यांच्या घरी आलो. घरात इंद्रभानची आई बायनाबाई, तीन वर्षांची मुलगी गोदू आणि बायको शिवकन्या. मी तिच्यासाठीच आलो होतो.

शिवकन्या सडपातळ, बोलायला हळू आणि नजरेने फार जागी. मला टेबलावर ठेवण्याआधी तिने विजेच्या बोर्डावरची रिकामी भोकं चिकटपट्टीने बंद केली, कारण गोदूची बोटं कुठेही जात. माझ्या तारा तिने खिळे ठोकून भिंतीला इतक्या उंच बांधल्या, की मला टांगल्यासारखं वाटलं. पाण्याची बादली, चुलीवरचं दूध, गोदूचा घसा, नवऱ्याची यायची वेळ, या सगळ्यांवर तिची एकेक नजर कायम ठेवलेली असे. अशी बाई स्वतःकडे मात्र बघायची विसरते.

ती पिंपळगाव रेणुकाईची. वडील धुळाजी मेंढरं राखणारे, पुढे थोड्या जमिनीत शेती करणारे. बारावीला गणितात तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. भोकरदनच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा स्थळ आलं. चांगलं स्थळ. ब्राह्मणाने तीथ काढली, आणि ती तीथ नेमकी गणिताच्या पेपरच्या दिवशी आली. दुसरी तीथ दोन महिन्यांनी होती. धुळाजी म्हणाले, पेपर पुन्हा देता येतो, स्थळ पुन्हा येत नाही. हळदीच्या अंगाने तिने तो पेपर जाऊ दिला. ते हॉलतिकीट अजून तिच्या पेटीत होतं.

पाच वर्षांनी एका दूरच्या विद्यापीठाने इंटरनेटवरून गणिताचा एक अभ्यासक्रम काढला. पुढचं अवघड गणित शिकण्याआधी जे यावं लागतं ते सगळं त्यात होतं. आलेख, फलनं, त्रिकोणमिती, लॉगरिदम. त्यात पास झालं की घरी बसून कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश मिळणार होता. बुधवारी आणि रविवारी दुपारी चारला तास. सर जे लिहीत ते इथे पडद्यावर उमटायचं. आलेख तर एकेक रेघ करून वरून खाली उतरायचे. शिवकन्या श्वास धरून बघत बसायची, जणू कुणी पाहुणा जिना उतरतो आहे.

बायनाबाईंना माझं नाव कधी नीट घेता आलं नाही. त्या मला 'मोडका' म्हणायच्या.

"आला का तुझा मोडका वरडायला?" चार वाजले की त्या विचारायच्या. "आता दोन घंटे हे घर मुकं. कोनी मेलं तरी कळायचं न्हाई."

"आत्या, असं बोलू नका ना."

"मी कशाला बोलू? मी आपली पोरगी धरून बसते. तू जाय फोनात."

पण गोदूला कडेवर घेऊन त्या खरोखर अंगणात जायच्या, आणि तास संपेपर्यंत तिला आत येऊ द्यायच्या नाहीत. बोलायच्या एक, करायच्या दुसरं.

दिवाळीला धुळाजी लेकीकडे आले. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. मी ओरडायला लागलो तसे ते दचकून उठले.

"हे कोन्तं पाखरू धरून आनलं गं माय?"

गोदू खदखदून हसली आणि माझी नक्कल करून दाखवायला लागली. टीं... ङ्ङ्ङ्... खर्रर्र. नात आणि आजोबा दोघांनी मिळून इतका गोंधळ घातला, की तास सुरू झालेलं शिवकन्येलाही कळलं नाही.

संध्याकाळी धुळाजींनी विचारलं, "काय शिकवून राह्यले ते तुला?"

"फलन म्हणून असतं दादा. एक यंत्र समजा. एक आकडा टाकला की दुसरा निघतो."

"पिठाची गिरनी म्हन की."

"हो, तसंच. ज्वारी टाकली की ज्वारीचंच पीठ निघालं पाहिजे. आणि कधी कधी उलटं फलनही काढता येतं. म्हणजे पीठ टाकलं की ज्वारी परत."

 धुळाजी म्हणाले, "तुह्या गनितात व्हत आसंल माय. हितं पिठाची जवारी व्हत न्हाई." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुहा पेपर म्या खाल्ला. मेंढरानं पाला खावा तसा. त्या दिसापासून माह्या घशाखाली बराबर उतरला न्हाई तो."

"जाऊ द्या दादा."

"कामून जाऊ दिऊ? तू आता हा पेपर दे. मंग जाऊ दीन."

मित्रांनो, हे बोलणं माझ्या तारेतून गेलं नाही, माझ्यासमोर झालं. आणि मला त्या दिवशी कळलं, की मी नुसते आलेख आणत नव्हतो. एका म्हाताऱ्याच्या घशात अडकलेलं काहीतरी मला खाली उतरवायचं होतं.

पण त्याआधी एक चूक झाली. त्या काळी फोनला एक सोय असे. कुणी बोलत असताना दुसरा फोन आला तर मधेच टुक-टुक असा आवाज यायचा, म्हणजे कुणीतरी थांबलं आहे हे कळायचं. माणसांना ती सोय बरी, पण मला ती टुकटुक ऐकू आली की माझी गाठ सुटायची. दिवाळीनंतरच्या चाचणीला शिवकन्येचे निम्मे प्रश्न झाले आणि मधेच टुक-टुक झाली. माझे दिवे विझले. चाचणी तिथेच संपली. फोन नणंदेचा होता. बायनाबाईंना लसणाच्या चटणीत तीळ भाजून घालायचे की कच्चे, हे तिला विचारायचं होतं.

शिवकन्या रडली नाही. तिने टेलिफोनच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "मॅडम, सोय बिलकुल बंद करून टाकू? मंग बाहेरच्याला फक्त एंगेजच लागंल."

"करा बंद," ती म्हणाली.

दोन शब्द. ते माझ्या अंगातून गेले. पुढे कित्येक दिवस ती तेच दोन शब्द मनात घोळवणार होती, हे मला तेव्हा काय ठाऊक?

धुळाजींकडे फोन नव्हता. गावात रेणुकेच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर रामकिसनची फोनची टपरी होती, तिथून ते बोलायचे. एका गुरुवारी त्यांचा फोन आला.

"काल चारला लावला तर नुसतं टूं टूं. बिघडला व्हय फोन?"

"नाही दादा, माझा तास होता. बुधवारी आणि रविवारी चारला लावत जाऊ नका. एंगेजच लागेल."

"म्हंजी एंगेज लागला की तू शिकून राह्यली, आसं समजायचं?"

"हो."

"बराबर?"

"अगदी बरोबर."

"मंग चांगलंय," ते म्हणाले, आणि कारण नसताना हसले.

त्यानंतर बुधवारी आणि रविवारी त्यांनी कधी फोन लावला नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. फक्त एकदा एक गंमत झाली. गोदूला गोवर निघाला होता. पोरगी तापाने फणफणलेली. शिवकन्येने तिला मांडीवर घेतलं होतं आणि दर दहा मिनिटांनी कपाळावर हात ठेवत होती. बुधवार होता, पण मला तिने सुरूच केलं नाही. चार वाजता फोन वाजला. एकदाच. ती उठेपर्यंत बंद झाला. त्याच संध्याकाळी धुळाजींचा फोन आला आणि पहिलाच प्रश्न, "गोदू बरी हाये ना गं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं, दादा?"

"कोनी न्हाई. आसंच वाटलं."

आजोबांचं मन, दुसरं काय, असं बायनाबाई म्हणाल्या.

शेवटची परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. अकरा ते एक. तीस प्रश्न, एकच संधी. मधे तार सुटली तर पेपर संपला. आदल्या दिवशी धुळाजींचा फोन आला, तेव्हा तिने त्यांना वेळ सांगितली. ते म्हणाले, "घाबरू नको. सावकाश चर." मग स्वतःच हसले, "चर म्हनलो बघ मी. लिव्ह. सावकाश लिव्ह."

त्या रविवारी शिवकन्येने पहाटेच स्वयंपाक उरकला. इंद्रभानला कारखान्यात जादा पाळी होती. बायनाबाईंनी गोदूला शेजारच्या ओसरीवर नेलं. शिवकन्येने माझ्या सगळ्या तारा एकेक करून दाबून पाहिल्या. मग फडक्याने मला पुसलं आणि देव्हाऱ्यातलं कुंकू बोटावर घेऊन माझ्या कपाळाला लावलं. दुकानातल्या दसऱ्यानंतर पहिल्यांदाच मला कुणी कुंकू लावत होतं. मी ठरवलं, आज काही झालं तरी गाठ सोडायची नाही.

आणि मी सोडली नाही. मित्रांनो, त्या दोन तासांइतकं चोख काम मी आयुष्यात केलं नाही. एकही दिवा डगमगला नाही. शिवकन्येची पेन्सिल कागदावर चालत होती, मधेच थांबत होती, पुन्हा चालत होती. सत्ताविसावा प्रश्न उलट्या फलनाचा होता. तो वाचून ती स्वतःशी हसली, आणि पुटपुटली, "पिठाची ज्वारी." एकला पाच मिनिटं कमी असताना तिने शेवटचं उत्तर धाडलं. मी ते पोचवलं. तिकडून पोच आली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग माझं बटण बंद केलं.

दोन मिनिटं झाली नाहीत, तोच फोन वाजला.

पलीकडून आसराबाई, शिवकन्येची आई. भोकरदनहून. आवाज ओळखू येत नव्हता.

"शिवे... साडेआकरापासून लावून राह्यले गं... नुसतं टूं टूं... टूं टूं..."

"माय, काय झालं?"

"तुहे दादा गेले गं. दवाखान्यात नेता नेता जीपमदीच गेले."

हे शब्द आत येताना मी काहीही करू शकलो नाही. मी फक्त तार होतो. शिवकन्येच्या हातातून फोन सुटला आणि तारेला लोंबकळत भिंतीवर आपटत राहिला. त्याचा प्रत्येक धक्का मला लागत होता.

तेरा दिवसांनी ती पिंपळगावहून परतली. बोलत नव्हती. गोदूचं खाणंपिणं, नवऱ्याचा डबा, सगळं वेळेवर. पण नजर कशावरच ठेवलेली नव्हती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्या सगळ्या तारा उपटल्या. फोनची तार सरळ भिंतीत खोचली. मला गोदूच्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात घातलं आणि लोखंडी कपाटावर टाकलं. कपाळावरचं कुंकू तसंच होतं.

इंद्रभान एकदा म्हणाला, "शिवा, तुझा काय दोष? छातीत कळ आली, अटॅक तो. तू फोन उचलला असता तरी काय केलं असतं इथून?"

"बोलले असते," ती म्हणाली. "ते मला हाक मारत होते आणि मी दार लावून बसले होते. मीच बंद करायला सांगितलं होतं. मीच."

इंद्रभानने गोदूला उचललं आणि अंगणात नेलं. 

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं पाकीट आलं. तिने ते उघडलं नाही. चुलीजवळ ठेवलेलं पाहून बायनाबाईंनी ते उचललं, पदराने पुसलं आणि देव्हाऱ्यातल्या पाटाखाली सरकवलं. टोमणा मारला नाही. 'मोडका' हा शब्दही त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. गोदू एकदा माझी नक्कल करायला लागली, टीं... ङ्ङ्... तर आजीनेच तिच्या तोंडावर हात ठेवला.

पाडवा होऊन दोन दिवस झाले असतील. दारात रामकिसन आला. टपरीचं मशीन दुरुस्तीला जालन्यात आणलं होतं, म्हणून वाट वाकडी करून आला होता. बायनाबाईंनी चहा टाकला. मी कपाटावर, खोक्याच्या फटीतून सगळं ऐकत होतो.

"ताई, तुमी लै खराब झाल्या," तो म्हणाला.

शिवकन्या म्हणाली, "रामकिसनभाऊ, त्या दिवशी दादांनी किती वेळा लावला फोन?"

रामकिसनने बशी खाली ठेवली. "मावशीनं, तुमच्या मायनं, सांगितलं न्हाई तुमाला?"

"ती बोलतच नाही."

"मंग ऐका. आधी दुसरं सांगतो. धुळाजीमामा दर बुधवारी अन् आयतवारी चारला माह्या टपरीवर यायचे. बराबर चारला. ऊन आसो, पानी आसो. मला म्हनायचे, शिवीचा नंबर लाव. मी लावायचो. एंगेज. मी म्हनायचो, मामा, एंगेज हाये, ठिवा. तर कानाला लावून बसायचे, डोळे मिटून. आवाज बंद पडला की म्हनायचे, आजूक येक डाव लाव. मी म्हनलो, आवो मामा, ह्याच्यात काय ऐकायचं? तर म्हनले, 'येड्या, मेंढराच्या गळ्यात घंटी कामून बांधत्यात? घंटी वाजून राह्यली तवर मेंढरं चरून राह्यली, आसं समजायचं. मेंढक्यानं मंग निवांत पडावं.'"

शिवकन्येचा हात गोदूच्या केसांत होता, तो थांबला.

"येक डाव मातर रिंग वाजली. तर असे घाबरले, पटकन ठिवूनच दिला. म्हनले, घंटी थांबली. पोरगी बिमार हाये का नात बिमार हाये, काय कळंना. सांजेला पुन्हा आले फोन करायला."

"गोवर," शिवकन्या म्हणाली.  "आणि त्या दिवशी?"

"त्या दिशी साडेआकराला मावशीच्या खांद्यावर हात ठिवून आले. घामानं सदरा वला. जीप फेरीवर गेल्ती, यायला येळ व्हता. मावशी म्हनली, शिवीला लाव. लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. मी म्हनलो, शेजाऱ्यापाजाऱ्याचा कोनाचा नंबर हाये का? जल्दी बलवून आनतील ताईला. मावशी पिशवीत चिठ्ठी हुडकाय लागली. तर मामानी तिचा हात धरला. म्हनले, 'न्हाई. बिलकुल न्हाई. येक डाव म्या तिचा पेपर खाल्ला. आता न्हाई खायचा.'"

चुलीवर दूध उतू गेलं. कुणी उठलं नाही.

"मंग म्हनले, दे इकडं. जीप येईस्तवर फोन कानाला लावून बसले. आवाज तुटला की मी लावून द्यायचो. शेवटाला जीप आली. मी म्हनलो, मामा, चला. तर मला फोन परत दिला अन् हसले. म्हनले, 'चरून राह्यली.' बस. येवढंच."

रामकिसन गेल्यावर बायनाबाईंनी पाटाखालचं पाकीट काढून सुनेच्या मांडीवर ठेवलं. शिवकन्येने ते उघडलं. ती पास झाली होती. शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी. पदवीच्या प्रवेशाची शेवटची तारीख खाली लिहिलेली होती, एकतीस मार्च. ती चार दिवसांपूर्वी होऊन गेली होती. शिवकन्येने कागदाची होती तशी घडी घातली. तिला त्या तारखेचं काही वाटलं नाही, निदान त्या क्षणी तरी.

मग तिने स्टूल घेतलं आणि मला कपाटावरून खाली काढलं. भिंतीतली तार माझ्या खाचेत, फोनची तार दुसऱ्या खाचेत. सगळं पूर्वीसारखं. फक्त कॉम्प्युटर सुरू केला नाही. तिने फोन उचलला आणि आपल्याच घराचा नंबर फिरवला.

तुम्ही कधी करून पाहिलंय का? आपल्याच फोनवरून आपलाच नंबर लावला, तर एंगेज लागतो.

टूं... टूं... टूं...

मित्रांनो, चार वर्षं मी ज्या आवाजाचं कारण होतो, तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. एकसारखा, सावकाश. खरंच घंटीसारखा. शिवकन्या डोळे मिटून ऐकत होती. आवाज तुटला की ती पुन्हा नंबर फिरवायची. गोदू येऊन तिच्या मांडीवर बसली आणि विचारलं, "आई, कोण बोलतंय?"

तिने फोन गोदूच्या कानाला लावला. आणि मग ती रडली. पन्नास दिवसांचं सगळं.

पुढचं थोडंच आहे. त्या वर्षीचा प्रवेश गेला. पुढच्या वर्षी बायनाबाईंना पक्षाघात झाला आणि शिवकन्या त्यांच्या उशाशी अडकली. चार वर्षांनी घरात नवा डबा आला, हिरव्या दिव्यांचा. तो ओरडत नाही. त्याच्यावर शिकता शिकता फोनही घेता येतो, तार कायम मोकळी. शिवकन्येने त्याच्यावर पदवी पुरी केली. बुधवारी आणि रविवारी चारला ती अभ्यासाला बसायची तेव्हा अधूनमधून फोनकडे बघायची. फोन मोकळा होता. वाजला तर वाजू शकला असता. पण पिंपळगावहून त्या वेळेला आता कुणी लावणारं नव्हतं.

मी अजून त्याच खोक्यात आहे. सोबतीला एक जुनं हॉलतिकीट आहे, अठ्ठ्याऐंशी मार्कांचा कागद आहे, आणि कपाळावर पुसट कुंकू. मला भंगारात देऊ नका असं म्हणण्याचा मला हक्क नाही. माझं काम संपलं. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. अभ्यासाला दार लावून बसाल तेव्हा जरूर बसा, मन लावून बसा. पण कोण आपल्यासाठी बाहेर थांबून राहिलं आहे, ते वेळेत विचारून ठेवा. पिठाची ज्वारी होत नाही.

आणि कधी कुणाचा फोन एंगेज लागला, तर चिडून आपटू नका. घडीभर कानाला धरा. तिकडे कुणाची तरी मेंढरं चरत असतील.